दोन सूत

एकतीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी दुसऱ्यांची प्रुफं तपासली.
वेलांट्या, उकार, सुटलेला काना.
निवृत्तीच्या पैशात किरकटवाडीला दीड गुंठा आला
आणि पहिल्याच बिलावर मलकाप्पानं लिहिलं :
शेंट्रींग. कालम. शिलाब.
मी लाल पेन काढलं. सवयीनं.
(ते बिल अजून आहे, दुरुस्त्यांसकट.
लाज वाटते म्हणूनच ठेवलंय.)

मग वही केली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ.
जोतं : जमिनीला सांगायचं, इथून वर तू नाहीस.
पाणसळ : नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं उभं राहतं,
त्याला कुणाचीच बाजू घ्यायची नसते.
माल : अशी हाक ऐकली की निंगव्वा घमेलं घेऊन येते.
सूत : धागा, असं मी लिहिलं होतं.
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"बाई, भित्त दोन सूत भाईर गेलीया."
मला दिसेना. एकतीस वर्षांचा डोळा,
आणि मला दिसेना.
त्यानं वरून ओळंबा सोडला.
पितळी गोळा हलला, हलला, मग थांबला,
आणि विटांचे चार थर त्यानं स्वतःच उतरवले,
मजुरीचा शब्द न काढता.
लाल पेन त्या संध्याकाळी पर्सच्या तळाशी गेलं.

इंजिनिअर गोसावी समजावतो :
डेड लोड म्हणजे घराचं स्वतःचं वजन,
लाइव्ह लोड म्हणजे तुम्ही, पाहुणे, हलवाहलव.
आमचे हे विचारतात,
दुपारी जेवून झोपलेला माणूस कशात धरायचा?
गोसावी लहान आहे. तो खरंच विचार करू लागला.

माझ्या बहिणीनं वाघोलीत फ्लॅट घेतला.
तिच्या सुपर बिल्ट-अपमध्ये
जिन्याचा वाटा आहे, लिफ्टचा आहे,
वॉचमन खुर्ची टाकतो त्या कोपऱ्याचाही आहे.
तिथं ती कधी बसलेली नाही.

ओटा : नकाशात बत्तीस इंच.
निंगव्वा म्हणाली, हात दुमडा बाई.
कोपराखाली चार बोटं धरली
आणि कोळशानं भिंतीवर रेघ ओढली.
तेवढाच आहे आमचा ओटा.
उंच नणंद येते तेव्हा कुरकुरते.

क्युरिंग : स्लॅबवर आळी करून पाणी कोंडायचं,
सिमेंटला तहान लागू द्यायची नाही.
पहाटे तिचा पाइप, रात्री तिचाच पाइप.
तिच्या पत्र्याच्या खोलीत पाणी टँकर आल्यावर, बादलीनं.
मी विचारलं, तुमचं घर?
इंडीकडं, म्हणाली. जोत्यापर्यंत झालंय.
कधी?
बोटं मोजायला घेतली तिनं,
सातव्याला पाइप घसरला, आणि ती तिकडं धावली.

जोत्यापर्यंत.
हा शब्द मी बँकेच्या कागदात वाचला होता,
त्यापुढे छापलेलं होतं : पंधरा टक्के.
छपाईत चूक नव्हती.

गिलावा झाला, परांची उतरली,
भिंतीत चौकोनी भोकं राहिली,
बांबू टेकवायला सोडलेली, अर्ध्या अर्ध्या विटेची.
यांना काय म्हणतात? मी वही उघडून उभी.
मलकाप्पानं माल भरला, थापीनं दाबला.
"नाव कशाला त्यास्नी? बुजवायचीच की."

ते आता उंड्रीला आहेत म्हणे, सात मजली काम.
रंगाखाली काही कळत नाही.
फक्त जानेवारीत, सकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा
पूर्वेच्या भिंतीवर सहा जागा
किंचित फुगून दिसतात. दोन सूत असतील.
वहीत तेवढी एकच ओळ डावीकडे कोरी आहे.
उजवीकडे लिहिलंय :
दोघं. चौदा महिने.